काकू, आठवडा कसा काढायचा?

या वेळी टपालात पाककृतीच्या फर्माइशी कमी आणि हिशेबाची रडगाणी जास्त आहेत. बरं झालं. सोलापुरात मी खानावळ चालवली ती चवीवर नावारूपाला आली असेल, पण टिकली वहीवर. तेव्हा आज वही काढूनच बसते. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं कुणाचीच देत नाही.

काकू, आम्ही चिंचवडला राहतो. घरात पाच माणसं: मी, नवरा, सासूबाई, सातवीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी. नवऱ्याला कंपनीत शिफ्ट असते. खाण्यापिण्याचं सगळं १४ हजारांत भागवायचं ठरवलंय, पण मागच्या महिन्यात १६,३०० झाले. दर रविवारी मी फ्रिजवर आठवड्याचा मेनू लावते. तो बुधवारपर्यंत टिकतो, मग गाडी घसरते आणि बाहेरून काहीतरी मागवलं जातं. माझ्या मेनूचा आणि खर्चाचा कागद सोबत पाठवतेय. कुठं अडतंय ते सांगा.
– एक वाचक, चिंचवड

तुमचे दोन्ही कागद समोर ठेवून लिहितेय. अक्षर सुरेख आहे, मेनूही सुरेख आहे. सोमवारी पालक पनीर, मंगळवारी भरली वांगी, बुधवारी मेथी मटार मलई, गुरुवारी छोले. अहो ताई, हा मेनू डिसेंबरचा आहे आणि तुम्ही तो श्रावणाच्या तोंडावर लावलाय. भर पावसात मेथीची जुडी घ्यायची म्हणजे निम्मी चिखलाची, निम्मी पिवळी आणि भाव दुप्पट. ताजा मटार तर या दिवसांत वजन करून घेण्याऐवजी दाणे मोजून घ्यावा. बुधवारी तुम्ही भाजीवाल्यापुढे उभ्या राहिलात, भाव ऐकलात, परत आलात, आणि नवऱ्याने फोन उचलला. तुमचा बुधवार असा पडतो.

माझं म्हणणं एकच आहे. मेनूत भाजीचं नाव लिहू नका. भाजीचा प्रकार लिहा. नाव बाजारात गेल्यावर ठरेल. ‘मेथी’ लिहिलं की तुम्ही मेथीच्या भावाला बांधल्या गेलात. ‘पालेभाजी’ लिहिलं की त्या दिवशी जी जुडी स्वस्त आणि ताजी ती तुमची: माठ, राजगिरा, शेपू, अंबाडी, अळू, चाकवत. पावसाळ्यात अळू आणि अंबाडीला तोड नाही. मुलं अंबाडी खात नाहीत म्हणाल तर तांदळाच्या कण्या घालून, वरून लसणाची चरचरीत फोडणी ओतून एकदा देऊन बघा. सासूबाईंना विचारा, त्यांना येत असणार.

आता आठवडा लावू. सगळी भाजी एकदाच आणायची, शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी. पिंपरीची मंडई तुम्हाला जवळ आहे. सोसायटीच्या फाटकावरच्या टेम्पोपेक्षा तिथं भाव नक्की कमी. बाजार उठायच्या वेळी गेलात तर आणखी कमी, पण तेव्हा निवडायला फार उरत नाही, हेही लक्षात ठेवा. पिशवी घरी आली की आधी कुजणारं आधी शिजवायचं. रविवार, सोमवार पाला. मंगळवार, बुधवार वेलावरच्या आणि शेंगांच्या भाज्या: दोडका, दुधी, घोसाळं, गवार, भेंडी. पावसाळ्यात वेलभाज्या मुबलक असतात आणि लोक त्यांना नाकं मुरडतात म्हणून स्वस्तही असतात. गुरुवारी मोड आलेलं कडधान्य. शुक्रवारी कोबी, बटाटा, लाल भोपळा असं टिकाऊ काहीतरी. शनिवारी पिठलं, कारण शनिवारी टोपली रिकामी असते आणि ती रिकामीच असली पाहिजे. रिकाम्या टोपलीने बाजारात गेलं की गरजेपुरतं घेतलं जातं.

म्हणजे तुमच्या फ्रिजवर सात ओळी राहतील आणि त्या महिनोन् महिने बदलणार नाहीत. पाला, पाला, वेल, शेंग, कडधान्य, टिकाऊ, पीठ. नावं पेन्सिलीने, बाजारातून आल्यावर.

मुलांचं पनीर बंद करा असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही आठवड्यातून दोनदा पाव-पाव किलो आणता. एका पाव किलो पनीरच्या पैशांत अर्ध्या किलोहून जास्त मटकी येते. पनीर पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी, कौतुकाने. बाकी मटकी. आणि मटकीचा हिशेब जरा नीट सांगते, कारण इथंच पैसा वाचतो.

मंगळवारी रात्री अर्धा किलो मटकी निवडून भिजत घाला. बुधवारी सकाळी पाणी काढून टाकायचं, चांगली निथळू द्यायची आणि ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधून चाळणीत, वर झाकण. या हवेत गुरुवारी सकाळी बोटभर मोड दिसतील. थंडीत एक दिवस जास्त धरा. मोड आलेली मटकी वजनाने दुपटीच्या पुढे जाते, म्हणजे तुमच्याकडे किलोभर तरी माल झाला. त्याचे तीन भाग करा. एक भाग गुरुवारी सकाळी सुकी उसळ, तिघांच्या डब्यात. दुसरा भाग संध्याकाळी पातळ रस्सा. कांदा-खोबरं भाजून वाटण, आमच्याकडचं काळं तिखट असेल तर उत्तम, नसेल तर तुमचा गोडा मसाला. रस्सा मुद्दाम जास्त करायचा. तिसरा भाग न शिजवता डब्यात भरून फ्रिजमध्ये. शनिवारी सकाळी तो कांदा, लिंबू, थोडे दाणे घालून नाश्त्याला, नुसती वाफ काढून. कच्चे मोड लहान मुलांना आणि सासूबाईंना देऊ नका, पोटाला जड जातात, वाफवलेलेच द्या. उरलेल्या रश्शात शुक्रवारी फरसाण पडलं की मुलांची मिसळ झाली. फरसाण विकत आणा, तेवढी मुभा आहे.

डाळीकडे येते. तुम्ही महिन्याला पाच किलो तूर आणता आणि दुसरी डाळच नाही. मसूर तुरीपेक्षा जवळपास नेहमीच स्वस्त असते आणि लवकर शिजते, म्हणजे गॅसही वाचतो. हरभऱ्याची डाळही खाली असते. तीन किलो तूर, एक मसूर, एक मूग अशी विभागणी करा. तुरीच्या वरणात एक मूठ मसूर सरकवली तर घरात कुणाला कळत नाही. खानावळीत मला हे कुणी कधी बोललं नाही, आणि आमचे मेंबर चवीला फार खवट होते. डाळ एकदाच शिजवा. दुपारी साधं वरण, त्यातलंच संध्याकाळी आमटी: चिंच, गूळ, मसाला, कढीपत्ता. टोमॅटो जुलै-ऑगस्टमध्ये चढतो. २०२३ च्या जुलैत तो शंभरी ओलांडून गेला तेव्हा पेपरात रोज फोटो येत होते. चिंच आणि आमसूल घरात असलेल्या बाईने त्यासाठी हळहळायचं कारण नाही. आपली आमटी टोमॅटोच्या आधीपासून आंबट आहे.

आणि ज्या दिवशी खरंच काही सुचत नाही, नवरा दुसऱ्या शिफ्टला, मुलांची परीक्षा, तुमचं डोकं दुखतंय, त्या दिवसासाठी येसर करून ठेवा. आमच्या सोलापूर-मराठवाड्याकडे हे घराघरांत असतं. पुण्याकडच्या बायकांना अजून फार माहीत नाही. ज्वारी किंवा बाजरी, थोडे गहू, हरभऱ्याची डाळ, मूठभर तांदूळ हे सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं, धणे, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, सुकं खोबरं तेही भाजायचं, आणि गार झाल्यावर एकत्र दळून आणायचं. भाजताना ज्वारीचा रंग बदलून घरभर वास सुटला पाहिजे. कच्ची राहिली तर आमटी चिकट होते. बरणीत दोन महिने आरामात राहतं. वापरताना लसूण-कांद्याची फोडणी, तिखट, पाणी, आणि वाटीभर पाण्यात कालवलेलं चार चमचे येसर. उकळी आली की आपोआप घट्ट होते. दहा मिनिटांत पाच माणसांची आमटी, भाजी नको, डाळ नको. भाकरी कुस्करून खायची. पोळीबरोबरही चालते, पण मी बघणार नाही.

आता दुसरा कागद. किराणा ५,४००, दूध ३,३००, भाजी-फळं ३,८००, आणि ‘इतर’ ३,८००. ताई, तुमचा किराणा ठीक आहे, दूध ठीक आहे, भाजी वर सांगितल्याप्रमाणे थोडी उतरेल. पण भाजीइतकंच ‘इतर’? मी खाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं: बाहेरून मागवलेलं जेवण, ब्रेड, बिस्किटं, वेफर्स, आणि दहा मिनिटांत सामान आणून देणारं ॲप. तुमचा चढ २,३०० चा आहे. ‘इतर’ १,५०० वर आणलंत की हिशेब बरोबर १४ हजारांवर बसतो, बाकी काही न बदलता. ॲपवरून कोथिंबीर मागवली की कोथिंबीर एकटी येत नाही. कमीत कमी रक्कम भरावी म्हणून तिच्यामागून चिप्सचं पाकीट येतं. कोथिंबीर नसेल तर त्या दिवशी भाजी कोथिंबिरीवाचून होऊ द्या.

मुलं संध्याकाळी शाळेतून आली की भूक लागते, तिथं बिस्किटं शिरतात. तिथं दडपे पोहे, शेंगदाण्याचा लाडू, सकाळची पोळी तुकडे करून फोडणीला. नवऱ्याच्या शिफ्टचं मात्र एक सांगते: रात्रपाळीच्या आठवड्यात सात ओळींचा कागद थोडा सरकवा. दुपारचं जेवण त्यांचं मुख्य होतं, तेव्हा भाजी दुपारी आणि रात्री डब्यात सुकं. तुम्ही दोन्ही वेळा ताजं करायला जाता आणि थकता. बाहेरचं जेवण येतं ते बऱ्याचदा पैसे जास्त झाले म्हणून नाही, बाई थकली म्हणून येतं. सातवीतला मुलगा कुकर लावायला शिकू शकतो. आमच्याकडे त्याहून लहान पोरं भाकरी शेकायची.

सासूबाई म्हणतात वर्षाचं धान्य मार्च-एप्रिलमध्ये भरायचं, तेच स्वस्त. मी म्हणते फ्लॅटमध्ये जागा नाही, महिन्याला पिठाची पिशवी आणू. शिवाय त्या धान्यात पाऱ्याच्या गोळ्या घालतात त्याची मला भीती वाटते. कोण बरोबर?
– एक वाचक, नाशिक

गोळ्यांच्या बाबतीत तुम्ही, शंभर टक्के. पारा विषारी आहे, डब्यात पुरचुंडी बांधून ठेवली तरी पुरचुंडी फुटते, आणि मग तो कुठं गेला ते शोधत बसा. गोदामात धुरी द्यायला वापरतात त्या गोळ्या तर घरात आणूच नका. त्यातून निघणाऱ्या वायूने बंद खोलीत झोपलेली माणसं गेली आहेत. कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला थराथरात घाला, किंवा गव्हाला एरंडेलाचा हात लावा. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे धान्य वाळलेलं हवं. भरायच्या आधी दाणा दाताखाली धरा. कट्ट वाजला तर भरा, मऊ दबला तर आणखी दोन उन्हं द्या. कोठी पूर्ण भरा, अर्धी रिकामी ठेवू नका. आणि पावसाळ्यात रोज ओल्या हाताने झाकण उघडायचं नाही. पंधरा दिवसांचं वेगळं काढून ठेवायचं.

भरण्याच्या बाबतीत सासूबाई बऱ्याच बरोबर आहेत. रब्बीचा गहू मार्च-एप्रिलला बाजारात येतो, तेव्हा आवक मोठी आणि निवडायला माल भरपूर. पुढे दिवाळीपर्यंत भाव चढतोच. पण दोन अटी. पैसे हातातले हवेत. कार्डावर किंवा उसने काढून धान्य भरलं तर व्याजात सगळा फायदा गेला. आणि जागा कोरडी हवी. चार माणसांच्या घराला वर्षाला साधारण दीड क्विंटल गहू लागतो. तेवढी जागा नसेल तर अर्धं भरा, पावसाळा आणि सणवार त्यात निघतील. पलंगाखाली कोठ्या ठेवणारी कितीतरी घरं मी पाहिली आहेत.

ज्वारीचं वेगळं आहे. मंगळवेढ्याची मालदांडी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती फेब्रुवारी-मार्चला निघते. एके काळी गरिबाचं धान्य होतं, आता गव्हाहून महाग मिळते. भरायची असेल तर धान्य भरा, पीठ कधीच नाही. ज्वारीचं, त्याहून बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडसर लागायला लागतं, मग भाकरीला चिरा पडतात आणि बिचाऱ्या सुनेच्या हाताला दोष जातो. गिरणीतून आठवड्याचंच दळून आणा. तुमची पिशवीतल्या पिठाची सोय मला मान्य आहे, नोकरी करणाऱ्या बाईला गिरणीच्या रांगेत उभं राहा असं कोण सांगणार. फक्त ती स्वस्त पडते असं सासूबाईंना सांगू नका. त्यांना किलोचा भाव पाठ असणार.

उन्हाळी कांदा मात्र दोघी मिळून भरा. तुम्ही तर नाशिकच्या. एप्रिल-मेमध्ये निघतो तो गरवा कांदा टिकतो, पावसाळी लाल टिकत नाही. पोत्यात कोंबू नका. जाळीच्या पिशवीत, वारा लागेल असा, बटाट्यापासून लांब. दर रविवारी हात फिरवून मोड आलेले, मऊ पडलेले आधी वापरायचे.

आम्हाला रेशनवर फुकट धान्य मिळतं. गहू संपतात, तांदूळ साठून राहतो. घरात कुणी एवढा भात खात नाही. शिवाय त्यात काही दाणे वेगळेच दिसतात, पाण्यावर तरंगतात, शेजारी म्हणतात प्लास्टिकचे आहेत. मी ते निवडून फेकते. काही जण असा तांदूळ दारावर येणाऱ्याला विकतात. आम्हीही द्यावा का?
– एक वाचक, वर्धा जिल्हा

फेकू नका, विकू नका. ते दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्राने दाण्याचा आकार दिलेला असतो, आणि ते साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात कालवलेले असतात. २०२१ च्या १५ ऑगस्टला याची घोषणा झाली आणि २०२४ पर्यंत रेशन दुकानांत असाच तांदूळ येऊ लागला. साच्यातून निघाल्यामुळे त्यांचा रंग थोडा वेगळा आणि काही दाणे हलके, म्हणून तरंगतात. तुम्ही निवडून टाकता ते नेमकं त्यातलं औषध आहे. दोन पाण्यांत धुवा, चोळून चोळून पाच पाणी नको. तुमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण आहेत; घरात कुणाला तो किंवा थॅलेसेमिया असेल तर एवढं एकदा दवाखान्यात विचारून घ्या.

दारावरच्या माणसाला द्याल तर तो मातीमोल भावात नेईल, आणि रेशनचा माल विकणं गुन्हा आहे ते वेगळंच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो ठरवून दिलंय. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. पाच माणसांच्या घरात महिन्याला २५ किलो म्हणजे तुमच्या ताटातलं निम्म्याहून जास्त धान्य झालं. ते जितकं वापराल तितका बाकीचा पैसा डाळ, तेल, अंडी, भाजीकडे वळवता येईल. भातानेच पोट भरायचं आणि वर पातळ पाणी वरण, असं मात्र होऊ देऊ नका.

भात खात नाहीत तर भात करू नका. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडदाची डाळ, चमचाभर मेथ्या भिजवून वाटून रात्रभर आंबवा. दोन दिवस इडली, तिसऱ्या दिवशी उरलेलं आंबट पीठ कांदा घालून उत्तपे. उडीद महाग वाटली तर मूठभर पोहे घालून डाळ थोडी कमी करा. तांदूळ धुवून, वाळवून दळून आणला तर धिरडी, घावन, ताकातली उकड. उकड तुमच्याकडे फार करत नाहीत, पण आजाऱ्याला, लेकराला, दात नसलेल्याला चालते: आंबट ताकात पीठ कालवायचं, लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद यांची फोडणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, वर कच्चं तेल. तुमच्या ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा तांदळाचं पीठ घातलं तर भाकरी हलकी होते. उन्हाळ्यात पापड, कुरडया आहेतच. आणि जेवणात लिंबाची फोड असू द्या, जेवणाला लागून चहा नको. लोह अंगी लागायचं तर एवढं पथ्य पाळावं लागतं.

आम्ही चार मित्र पुण्यात पेठेत खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करतो. मेस महाग झाली आणि आमटीत डाळ शोधावी लागते. खोलीवर एक इंडक्शन शेगडी आणि कुकर आहे. पोळ्या येत नाहीत. कसं जमवायचं?
– चौघे, पुणे

मेसची बाजू घेऊन भांडणार होते, पण जाऊ दे.

पोळ्या शिकायच्या भानगडीत परीक्षेच्या वर्षी पडू नका. पेठेत दर गल्लीला पोळी-भाजी केंद्र आहे; नुसत्या पोळ्या किंवा भाकऱ्या विकत घ्या आणि बाकी खोलीवर शिजवा. महाग असते ती भाजी, पोळी नव्हे. तीन डब्यांचा कुकर मागवा. खाली डाळ, मध्ये तांदूळ, वर बटाटे किंवा अंडी. एका दमात तिन्ही. ज्याची पाळी त्याने सकाळी उठल्या उठल्या कुकर लावायचा आणि वाचनालयात जाण्याआधी फोडणी. पाळी भिंतीवर लिहा. चौघांत एक आळशी असतोच. त्याला भांडी द्या, स्वयंपाक नको.

आठवड्यातून दोनदा खिचडी: दोन वाट्या तांदळाला एक वाटी मूगडाळ, त्याहून कमी नाही. मेसची आमटी पातळ म्हणता, मग तुम्ही तरी डाळीत हात आखडू नका. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि एवढ्या पैशांत दुसरं काही मिळत नाही. श्रावणात निम्मं पुणं अंडी सोडतं, त्यामुळे भाव उतरतो. खाणारे असाल तर याच महिन्यात दोन ट्रे आणा. न खाणारे असाल तर सोयाबीनच्या वड्या, दाणे, भिजवलेले हरभरे. अभ्यासाच्या टेबलावर भाजलेले हरभरे-दाणे-गूळ एका डब्यात ठेवा. चहाच्या टपरीवरची क्रीमरोलची उधारी त्यातून फिटेल.

तेलाची पिशवी घेताना आकार बघू नका, वजन वाचा. लिटरची पिशवी साधारण ९१० ग्रॅम भरते. तशाच दिसणाऱ्या कमी वजनाच्या पिशव्या शेजारीच लटकवलेल्या असतात आणि दहा रुपये स्वस्त म्हणून हात तिकडे जातो. चौघांना महिन्याला दोन-अडीच लिटर पुरे. आणि सोलापूरच्या माणसाला गाठून शेंगाचटणी मागवा. ती मिक्सरची नको, उखळात कुटलेली, बोटाने दाबल्यावर तेल सुटणारी. दह्यात कालवली की भाजी नसल्याचं दुःख होत नाही.

काकू, श्रावण संपला की रविवारी मासळी आलीच पाहिजे असा आमच्या घरी दंडक आहे. पापलेट, सुरमईने पाकीट फाटतं. कसं सांगू?
– एक वाचक, विरार

मी भाकरीच्या मुलखातली, माशाच्या बाबतीत मला विचारलंत हा तुमचा मोठेपणा. तरी हिशेब कळतो तेवढं सांगते. जून-जुलैची मासेमारी बंदी उठली आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ गेला की होड्या सुटतात, पण पहिले आठवडे सगळ्यांच्याच जिभा सुटलेल्या असतात. तेव्हा मोठ्या मासळीला हात लावू नका. बांगडा, मांदेली, बोंबील आणा. तिखलं, आंबट, जे तुमच्याकडे होतं ते. पंधरवड्यात एक रविवार सुक्याचा ठेवा. वाटीभर जवळा कोरडा भाजून, धुवून, कांदा-आमसुलात परतला तर चौघांची भाकरी निघते, आणि तो वांग्यात किंवा दुधीत घातला तर तीच वाटी दोन वेळा पुरते. पापलेट वाढदिवसाला. भाजताना खिडक्या उघड्या ठेवा, आणि वरच्या मजल्यावर कुणी शाकाहारी असेल तर आदल्या दिवशीच सांगून टाका.